परिकल्पना चाचणी वर्गात शिकवताना: आधी ठरवा, मग मोजा

परिकल्पना चाचणी म्हणजे सगळ्या समूहाबद्दलचं एखादं विधान त्यातल्या थोड्या नोंदींवरून, म्हणजे नमुन्यावरून, तपासणं. तिच्या वह्या तपासल्या की दिसतं, आकडेमोड बहुतेक मुलांची बरोबर असते. सूत्रात किमती घालणं, वर्गमूळ काढणं, कोष्टकात बघणं हे सगळं जमतं. चुकतं ते आकडेमोडीच्या आधीचं आणि नंतरचं. परिकल्पना नमुना बघून लिहिलेली असते, चाचणी एकपुच्छ (एकाच दिशेचा फरक शोधणारी) की द्विपुच्छ (दोन्ही दिशांचा फरक शोधणारी) ते उत्तर काय आलं त्यावर ठरवलेलं असतं, आणि शेवटी ‘म्हणून शून्य परिकल्पना सिद्ध झाली’ असं ठोकून दिलेलं असतं. याचं मुख्य कारण शिकवण्याचा क्रम. आपण सूत्रापासून सुरुवात करतो आणि निर्णयांचा भाग जाता जाता सांगून टाकतो. खाली क्रम उलटा ठेवला आहे. उच्च माध्यमिकच्या शेवटच्या वर्षाला किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्यांनी साधारण पाच तासिका हाताशी ठेवाव्यात.

मुलांच्या इंग्रजी पुस्तकातले नल (शून्य), अल्टरनेटिव्ह (पर्यायी), सिग्निफिकन्स (सार्थकता) हे शब्द फळ्यावर पुस्तकाप्रमाणेच लिहा, कारण परीक्षेत तेच येतात. प्राथमिक शाळा मराठीतून आणि पाचवीपासून पुढे इंग्रजीतून, असं शिकलेली मुलं आपल्याकडे गोव्यात पुष्कळ. त्यांना व्याख्या पाठ असते, पण वाक्याचा अर्थ विचारला की गाडी अडते. तो अर्थ मराठीतून बोलून घ्या.

पूर्वतयारी

सामान फार लागत नाही:

- दर मुलामागे एक नाणं, शक्यतो सगळ्यांकडे एकाच किमतीचं
- दर चौघांमागे एक चिंचोका, एका बाजूने खडबडीत दगडावर घासून पांढरा केलेला
- हलवून टाकायला एक पेला
- एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा
- दहा पाव (कुठून आणि कसे आणायचे ते टप्पा ७ मध्ये आहे)
- टी-कोष्टकाची एक प्रत

नाणं असताना चिंचोका कशाला, असं वाटेल. नाण्याचं उत्तर मुलांना आधीच ठाऊक असतं: छापा आणि काटा सारखेच पडणार. चिंचोक्याचं उत्तर वर्गात कुणालाच ठाऊक नसतं, शिक्षकालाही नसतं. एक बाजू सपाट पांढरी, दुसरी फुगीर तपकिरी. पांढरी बाजू वर पडण्याची शक्यता निम्मी आहे की नाही हे टाकून बघितल्याशिवाय कळत नाही. चाचणीची गरज का पडते हे मुलांना इथे आपोआप समजतं.

चिंचोके आदल्या दिवशीच घासून ठेवा. एका बाजूचं तपकिरी टरफल पूर्ण जायला हवं. अर्धवट घासलेल्यावर ‘हा पांढरा धरायचा का?’ असा वाद होतो आणि तासिका त्यातच जाते.

टप्पा १: योगायोग किती लांब जातो ते दाखवा

पहिल्या तासिकेत परिकल्पना हा शब्दच काढू नका. प्रत्येकाने नाणं २० वेळा उडवायचं, प्रत्येक वेळी छा किंवा का अशी क्रमाने नोंद करायची आणि शेवटी छाप मोजायचे. फळ्यावर ० ते २० अशी आडवी रेघ आखा. प्रत्येक मुलाने येऊन आपल्या आकड्यावर एक ठिपका द्यायचा, आधीच्या ठिपक्यावर ठिपका चढवत.

ठिपके देण्याआधी एक प्रश्न विचारा: ३० मुलांपैकी किती जणांना बरोबर १० छाप येतील? बहुतेक जण ‘निम्म्यांना तरी’ म्हणतात. गणिताने ही शक्यता ०.१७६ आहे, म्हणजे ३० मध्ये पाच-सहा मुलं. ७ ते १३ या पट्ट्यात सुमारे ८८ टक्के मुलं येतात. उरलेली त्याबाहेर पडतात, आणि त्यांच्या नाण्यात काहीही खोट नसते.

हा ठिपक्यांचा ढीग पुसू देऊ नका, निदान मोबाईलवर फोटो तरी घ्या. पुढच्या प्रत्येक टप्प्यात त्याच्याकडे बोट दाखवायचं आहे.

तपासा: काही मुलं नाणं न उडवताच मनाने छा-का लिहितात. ओळखायची युक्ती सोपी आहे. खऱ्या २० फेकींत कुठे ना कुठे सलग चार किंवा जास्त वेळा एकच बाजू पडण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के असते. मनाने लिहिणारा सलग तीन छाप झाले की घाबरून काटा घालतो. एखाद्या वहीत सलग चार नाहीत म्हणून तिच्यावर आरोप करता येत नाही, पण एका बाकावरच्या चारही वह्यांत तसं असेल तर नाणी पुन्हा उडवायला लावा.

टप्पा २: प्रश्नाची परिकल्पना करा

आता चिंचोका हातात द्या, पण टाकू देऊ नका. आधी वहीत तीन ओळी लिहायच्या.

१. आपण कशाबद्दल बोलतोय? ‘हा चिंचोका, या पेल्यातून, या बाकावर टाकला असता.’ ही झाली समष्टी: असा टाकत राहिलो तर पडतील त्या सगळ्या फेकी.

२. शून्य परिकल्पना: पांढरी बाजू वर पडण्याची शक्यता ०.५ आहे.

३. पर्यायी परिकल्पना: ती ०.५ नाही.

पहिली ओळ मुलांना फालतू वाटते. तीच लिहायला भाग पाडा. गटातल्या चौघांनी चार वेगवेगळे चिंचोके पाच-पाच वेळा टाकले, तर २० फेकी होतात खऱ्या, पण प्रश्न बदलतो. प्रत्येक चिंचोक्याचा आकार वेगळा, म्हणून शक्यताही वेगळी. एक पांढऱ्याकडे झुकणारा आणि दुसरा तपकिरीकडे झुकणारा असेल तर बेरजेत दोघं एकमेकांना झाकून टाकतात. एक गट, एक चिंचोका.

शून्य परिकल्पना कोणती आणि पर्यायी कोणती यात गोंधळ होतो. सोपी कसोटी अशी: जी खरी धरली तर आपल्याला शक्यता मोजता येते, ती शून्य परिकल्पना. ‘शक्यता ०.५ आहे’ धरलं की २० पैकी १५ पांढरे येण्याची शक्यता काढता येते. ‘शक्यता ०.५ नाही’ एवढ्यावरून काहीच काढता येत नाही. ज्या वाक्यात ‘बरोबर इतकी’ हे आहे ते नेहमी शून्य परिकल्पनेकडे जातं.

सावधान: परिकल्पना समष्टीबद्दल असते, नमुन्याबद्दल कधीच नाही. ‘नमुन्याची सरासरी ४५ आहे’ ही परिकल्पना होऊच शकत नाही, ती तर मोजून समोर दिसते. वहीत म्यूच्या (समष्टीच्या सरासरीच्या) जागी एक्स-बार (नमुन्याची सरासरी) दिसला की तिथेच लाल रेघ मारा आणि पुढचं गणित तपासूच नका.

टप्पा ३: रेघ आधी मारा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. पेल्याला हात लावायच्या आधी वहीत पुढच्या गोष्टी शाईने लिहायच्या. पेन्सिलने नाही.

*किती वेळा टाकणार.* २०. मधे वाढवायचं नाही, मधे थांबायचं नाही.

*चिंचोका कडेवर उभा राहिला किंवा खाली पडला तर काय.* ती फेक धरायची नाही, पुन्हा टाकायची. हा नियम आधी लिहिला नाही तर गटाला जे उत्तर हवं त्याप्रमाणे पडलेल्या फेकी धरल्या किंवा सोडल्या जातात, आणि मुलांना आपण तसं करतोय हे कळतही नाही.

*सार्थकता पातळी.* ०.०५ घ्या. ही रूढी आहे, निसर्गाचा नियम नाही, हे एकदा सांगा. तिचा अर्थ असा: चिंचोका खरोखरच समतोल असताना त्याला ‘झुकलेला’ म्हणण्याची चूक शंभरात फार तर पाच वेळा झाली तरी चालेल असं आपण आधी मान्य करतोय.

*दिशा.* पांढरी बाजू जास्त पडेल की कमी, याबद्दल टाकण्याआधी पक्कं कारण नसेल तर द्विपुच्छ. मुलांना एकपुच्छ आवडते कारण तिच्यात निकाल लवकर सार्थ ठरतो. पण आधी १४ पांढरे बघायचे आणि मग ‘आम्हाला जास्तच पडेल असं वाटलं होतं’ म्हणत एकपुच्छ करायची, म्हणजे चुकीची शक्यता गुपचूप दुप्पट करायची. २० मध्ये १४ ला द्विपुच्छ पी-मूल्य (शून्य परिकल्पना खरी असताना इतका किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता; सविस्तर टप्पा ५ मध्ये) ०.११५ येतं, एकपुच्छ ०.०५८. अजून एक पांढरा पडला असता तर? असा मोह वर्गात होतोच. म्हणून शाई.

*नाकारण्याचा भाग.* शून्य परिकल्पना खरी धरून २० फेकींसाठीची ही द्विपुच्छ पी-मूल्यं फळ्यावर लिहा:

- १३ पांढरे (किंवा ७): ०.२६३
- १४ (किंवा ६): ०.११५
- १५ (किंवा ५): ०.०४१
- १६ (किंवा ४): ०.०१२
- १७ (किंवा ३): ०.००३

म्हणजे ५ किंवा कमी, अथवा १५ किंवा जास्त पांढरे आले तर नाकारायचं. नेमकं ०.०५ इथे जमत नाही, कारण मोजणी पूर्णांकात होते. प्रत्यक्षात पातळी ०.०४१ पडते. हुशार मुलं हे विचारतात, उत्तर तयार ठेवा.

आता पहिल्या दिवशीच्या ठिपक्यांच्या चित्रावर ५ आणि १५ पाशी दोन उभ्या रेघा मारा. रेघांवर किंवा त्यांच्या बाहेर सहसा एखाद-दुसरा ठिपका सापडतो. ३० मुलांच्या वर्गात निदान एक तरी असण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के आहे. ते नाणं चांगलंच होतं, तरी आपल्या नियमाने ते ‘खोटं’ ठरलं असतं. पहिल्या प्रकारची चूक शिकवायला याहून चांगली जागा नाही. ज्याचा ठिपका आहे त्या मुलाला उभं करा. व्याख्या वर्ग विसरेल, त्या मुलाला विसरणार नाही. बाहेर एकही ठिपका नसेल तर शेजारच्या तुकडीचे ठिपके त्यावर चढवा.

टप्पा ४: टाका आणि नोंद करा

पेला सात-आठ वेळा हलवा, बाकापासून साधारण वीतभर उंचीवरून उपडा करा. दर वेळी उंची तीच. खाली वही किंवा रुमाल नको. मऊ पृष्ठभागावर चिंचोका उलटत नाही, जसा पडला तसा राहतो. एकाने टाकायचं, दुसऱ्याने मोठ्याने बोलायचं, तिसऱ्याने लिहायचं, चौथ्याने फेकी मोजायच्या. टाकणाऱ्यानेच लिहिलं तर आकडा १९ किंवा २१ फेकींवर जातो, हे दर वर्गात होतं.

सावधान: १४ पांढरे आलेला गट हमखास विचारतो, ‘अजून पाच टाकू का?’ नाही. हवं ते दिसेपर्यंत टाकत राहणं आणि दर वेळी पी-मूल्य बघणं यात चुकीची शक्यता ०.०५ राहतच नाही. ०.०५ च्या पातळीवर माहितीचे पाच समान हप्ते घेऊन दर हप्त्याला चाचणी केली, तर काहीच फरक नसताना ‘फरक सापडला’ म्हणण्याची शक्यता सुमारे १४ टक्क्यांवर जाते. दहा हप्त्यांना ती सुमारे १९ टक्के होते. त्या गटाला सांगा, नवीन प्रयोग करायचा असेल तर नवीन पान, नवीन शाई आणि सगळ्या फेकी पुन्हा पहिल्यापासून.

टप्पा ५: पी-मूल्य वाचा

आता प्रत्येक गटाने फळ्यावरच्या यादीतून आपलं पी-मूल्य घ्यायचं (८ ते १२ पांढरे आले तर ते ०.२६३ हून मोठं). वाक्य एकच, आणि ते तोंडपाठ झालं तरी हरकत नाही: शून्य परिकल्पना खरी असती, तर आपल्याला मिळालं तितकं किंवा त्याहून टोकाचं काही मिळण्याची शक्यता म्हणजे पी-मूल्य.

या वाक्यातले दोन तुकडे मुलं गाळतात.

पहिला, ‘शून्य परिकल्पना खरी असती तर’. तो गाळला की पी-मूल्य ०.०४१ चा अर्थ ‘चिंचोका समतोल असण्याची शक्यता ४ टक्के’ असा होतो. तो चूक आहे. चिंचोका समतोल आहे असं धरूनच आपण ०.०४१ काढलं, तोच आकडा तो समतोल असण्याची शक्यता कसा सांगेल? ही गैरसमजूत शाळकरी नाही, प्रसिद्ध होणाऱ्या शोधनिबंधांतही ती सापडते. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली पी-मूल्यांवर जे निवेदन काढलं त्यात हा मुद्दा स्पष्ट मांडला आहे.

दुसरा, ‘किंवा त्याहून टोकाचं’. मुलं फक्त १५ ची शक्यता काढतात, ती ०.०१५ येते. १६ पासून २० पर्यंतच्या शक्यता मिळवल्याच जात नाहीत, आणि द्विपुच्छ चाचणीत ० ते ५ ही दुसरी बाजूही राहून जाते. ठिपक्यांच्या चित्रावर बोट ठेवून दाखवा: १५ पासून उजवीकडचे सगळे, आणि ५ पासून डावीकडचे सगळे.

टप्पा ६: निष्कर्षाचं वाक्य

चिंचोक्याला १२ पांढरे आलेल्या गटाला निष्कर्ष लिहायला सांगा. ‘चिंचोका समतोल आहे हे सिद्ध झालं’ असं लिहिणारे निम्मे तरी निघतील. पुष्कळ पुस्तकांत इथे न्यायालयाचं उदाहरण देतात: आरोप शाबीत झाला नाही म्हणजे माणूस निर्दोष ठरला असं नव्हे. उदाहरण बरं आहे, पण ते तिथेच सोडा. मुलं त्यात वकील, साक्षीदार, न्यायाधीश शोधत बसतात आणि चाचणी बाजूला राहते.

त्यापेक्षा एक आकडा द्या. समजा एखादा चिंचोका खरोखर ६० टक्के वेळा पांढरा पडतो. म्हणजे तो झुकलेला आहेच. तरी २० फेकींत आपला नियम त्याला पकडण्याची शक्यता फक्त १३ टक्के आहे. शंभरात ८७ वेळा तो आपल्या हातून निसटतो. ही दुसऱ्या प्रकारची चूक. १०० फेकी केल्या तर पकडण्याची शक्यता सुमारे ४६ टक्के होते, २०० केल्या तर सुमारे ७९ टक्के. नाकारता आलं नाही याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की फेकी कमी पडल्या.

वहीत चालणारी वाक्यं अशी:

नाकारलं तर: ‘२० पैकी १६ पांढरे आले, ०.०५ पातळीवर, या चिंचोक्याची पांढरी बाजू पडण्याची शक्यता ०.५ आहे ही परिकल्पना आम्ही नाकारतो. पांढरी बाजू जास्त पडते असं दिसतं.’

नाकारता आलं नाही तर: ‘२० पैकी १२ पांढरे आले, शक्यता ०.५ नाही असं म्हणायला या फेकींत पुरेसा आधार नाही.’

तपासा: वाक्यात चिंचोका, पाव, मिनिटं, ग्रॅम असं काहीतरी आहे का? नुसतं ‘शून्य परिकल्पना नाकारली’ इथे थांबलेल्या उत्तराचा एक गुण कापा.

टप्पा ७: सरासरीची चाचणी, पाव तोलून

सूत्र आता आणा. प्रश्न असा ठेवा: एका पावाचं सरासरी वजन ४५ ग्रॅम आहे का? ४५ हा आकडा वर्गापुरता मानलेला आहे. तुमच्या भागातल्या पावाप्रमाणे बदला.

पाव आणण्यावर सगळं अवलंबून आहे. पोदेराच्या (पाववाल्याच्या) पाटीतून एकाच सकाळी, एकाच कप्प्यातून दहा पाव उचलले तर ते एकमेकांचे भाऊ असतात. त्या दिवशी गोळा थोडा लहान तोडला गेला असेल तर दहाही लहान निघतील. दहा वजनं मिळतात, पण माहिती एकाच घाण्याची. दहा मुलांनी एकेक पाव आणावा, पाच वेगवेगळ्या दिवशी दिवसाला दोन, पाटीत हाताला लागेल तो न घेता आधी ठरवलेला, उदाहरणार्थ वरून तिसरा. उंडे (गोल पावाचा वेगळा प्रकार) आणि पाव एकत्र करू नका. तोलण्याची वेळही ठरवा, कारण भट्टीतून आलेला पाव ठेवल्यावर ओलावा गमावतो आणि हलका होतो. सकाळी सातला तोललेला आणि दुपारी दोनला तोललेला एका यादीत घातला की पावाऐवजी वेळेची चाचणी होते.

समजा वजनं ग्रॅममध्ये अशी आली: ४४, ४३, ४६, ४२, ४५, ४१, ४४, ४३, ४६, ४२.

१. बेरीज ४३६, सरासरी ४३.६.

२. प्रत्येक वजनातून ४३.६ वजा करा, वर्ग करा, बेरीज करा: २६.४.

३. ९ ने भागा, म्हणजे नमुन्याच्या संख्येतून एक वजा करून: २.९३३. वर्गमूळ १.७१३. हे नमुन्याचं प्रमाण विचलन.

४. त्याला १० च्या वर्गमूळाने, म्हणजे ३.१६२ ने भागा: ०.५४२. ही प्रमाण त्रुटी.

५. टी, म्हणजे ४५ पासूनचा फरक किती प्रमाण त्रुटींएवढा आहे ते: (४३.६ − ४५) ÷ ०.५४२ = −२.५८.

६. स्वातंत्र्य मात्रा (नमुन्याच्या संख्येतून एक वजा) ९, द्विपुच्छ, ०.०५: टी-कोष्टकात २.२६२. २.५८ त्याहून मोठा, म्हणून नाकारा.

आकडे चुकतात ते नेमक्या तीन ठिकाणी, आणि चुकीचं उत्तर बघून चूक ओळखता येते. टी −२.७२ च्या आसपास आला तर मुलाने ९ ऐवजी १० ने भागलं आहे. कॅल्क्युलेटरवर एस-एक्स ऐवजी सिग्मा-एक्सचं बटण दाबलं की हेच होतं. टी −०.८२ आला तर चौथी पायरी गाळली, विचलनालाच त्रुटी समजलं. टी −८.१७ आला तर १० च्या वर्गमूळाऐवजी १० ने भागलं. ही तीन उत्तरं कागदावर लिहून खिशात ठेवा, वर्गात फिरताना वेळ वाचतो.

२.२६२ ऐवजी सामान्य वितरणाची १.९६ ही किंमत वापरलेली दिसली तर थांबवा. समष्टीचं प्रमाण विचलन आधीपासून माहीत असेल तरच ते चालतं, आणि पावाच्या बाबतीत ते आपल्याला माहीत नाही. लहान नमुन्यात १.९६ वापरणं म्हणजे नाकारण्याची रेघ आपल्या सोयीने आत ओढणं.

निष्कर्षाबरोबर विश्वास अंतरालही (या नमुन्याशी जुळणाऱ्या समष्टीच्या सरासरींचा पट्टा) काढून घ्या: ४३.६ च्या दोन्ही बाजूंना २.२६२ × ०.५४२, म्हणजे ४२.४ ते ४४.८ ग्रॅम. ४५ त्यात नाही, चाचणीशी जुळलं. न जुळल्यास कुठेतरी आकडेमोड चुकली आहे. शिवाय अंतरालामुळे चाचणी सांगत नाही ते दिसतं: फरक किती आहे. एक-दीड ग्रॅमचा फरक सार्थ निघाला, पण तो खाणाऱ्याला कळण्याइतका आहे का, हा प्रश्न वेगळा. तो वर्गात विचारा आणि मुलांना भांडू द्या.

टप्पा ८: दुसऱ्या चाचण्यांकडे जाताना

इथे कोष्टकांचा भडिमार करू नका. चाचणी निवडताना दोनच प्रश्न विचारायला शिकवा: आपण मोजतोय की तोलतोय, आणि नोंदी एकमेकींशी बांधलेल्या आहेत का.

दुसऱ्या प्रश्नात जास्त घसरतात. तेच दहा पाव सकाळी तोलले आणि संध्याकाळी पुन्हा तोलले, तर त्या २० स्वतंत्र नोंदी नाहीत. प्रत्येक पावाचा सकाळ-संध्याकाळचा फरक काढा आणि त्या दहा फरकांवर वरचीच टी-चाचणी लावा, म्यू = ० धरून. पण दोन वेगळ्या बागांतल्या काजूबिया तोलल्या तर जोड्या लागत नाहीत. तिथे दोन स्वतंत्र नमुन्यांची चाचणी. मुलं दोन्ही ठिकाणी दोन स्तंभ बघतात आणि एकच चाचणी लावून मोकळी होतात.

कोण कुठला पदार्थ पसंत करतो असल्या वर्गवारीच्या मोजणीला काय-वर्ग चाचणी. प्रत्येक खान्यातली अपेक्षित संख्या (शून्य परिकल्पना खरी धरून काढलेली) निदान ५ असावी. प्रत्यक्ष संख्या नव्हे, अपेक्षित.

आणि नमुना कुठून आला ते विसरू देऊ नका. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात ५० जणांना विचारलं तर उत्तर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात येणाऱ्यांबद्दल असतं. गोव्याच्या दुसऱ्या टोकाच्या काणकोणबद्दल त्यातून काही कळत नाही, मग पी-मूल्य कितीही लहान येवो.

प्रकल्पात मुलं वीस प्रश्नांची प्रश्नावली करतात आणि मुलगे-मुली असा फरक विसाही प्रश्नांत तपासतात. कुठेच फरक नसला आणि प्रश्न एकमेकांपासून स्वतंत्र असले, तरी निदान एका प्रश्नात ‘सार्थ फरक’ सापडण्याची शक्यता ६४ टक्के असते. मग प्रकल्पाचं शीर्षक त्या एका प्रश्नावर येतं. प्रकल्पाची वही मान्य करण्याआधी मुख्य प्रश्न कोणता ते पहिल्या पानावर तारीख घालून लिहून घ्या. बाकी १९ तपासायला हरकत नाही, पण किती तपासले ते अहवालात आलंच पाहिजे.

वह्या तपासताना

दहा गुणांचा प्रश्न असेल तर समष्टी आणि परिकल्पनांना ३, पातळी-दिशा-नमुना आधी ठरवण्याला २, आकडेमोडीला २, निष्कर्षाच्या वाक्याला ३ अशी वाटणी करा. आकडेमोडीला सहा-सात गुण दिले की मुलं तेवढंच शिकतात.

पी-मूल्य ०.०६ आलं आणि मुलाने ‘नाकारता येत नाही’ असं लिहिलं तर पूर्ण गुण. ‘जवळजवळ सार्थ’ असं लिहिलं तर निष्कर्षाचे तीन गुण नाहीत, आणि पहिलं पान उघडून पातळीच्या जागी ०.०५ खोडून ०.१० केलंय का ते बघा.